आमच्या रस्त्याचे मूळमालक

बऱ्याच वर्षांपूर्वीचा, फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. जागा: आमच्या सोसायटीचं पार्किंग. हजर: अध्यक्ष (बँकेतून निवृत्त), खजिनदार, पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिका, शेजारच्या दोन सोसायट्यांचे तीन-तीन सभासद, चिटणीस म्हणून मी, आणि बोलावणं नसताना, अध्यक्षांच्या स्कूटरवर आडवे बसून, मूळमालक. विषय: पिण्याचं पाणी.

आपली सगळी जमीन रीतसर विकली, कागद केले, पैसे मोजून घेतले, आणि तरीही तिच्यातल्या एका इंचाचीही मालकी मनातून सोडली नाही, असा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल. तो आमच्या वाट्याला आला. धायरीत, मुख्य रस्ता सोडून आत आल्यावर आमच्या तीन सोसायट्या आणि काही सुटी घरं ज्या जमिनीवर उभी आहेत, ती सगळी पूर्वी त्यांची शेती. प्रत्येक फ्लॅटच्या करारनाम्यात पहिल्याच पानावर 'मूळ मालक' म्हणून त्यांचं नाव असल्यामुळे रस्त्यावर सगळे त्यांना पाठीमागे मूळमालक आणि तोंडावर मालक म्हणत. रस्त्याच्या शेवटी, ओढ्याच्या अलीकडे, त्यांचं कौलारू घर. विहीर होती, पण ती आता दुसऱ्या सोसायटीच्या जिन्याखाली गेली आहे. आमच्यासारखेच तेही टँकरच्या पाण्यावर होते.

फ्लॅटचे नंबर त्यांना कधीही पाठ झाले नाहीत. त्यांना पिकं पाठ होती. कुणाच्या घराखाली पूर्वी काय पेरलं जाई त्यावरून ते माणसाला ओळखत. अध्यक्ष ज्वारीतले. शिक्षिका कांद्यातल्या. मी घेवड्यातली ताई. एकदा माझ्या भावाने त्यांना पत्ता विचारला तर म्हणाले, "सरळ जा, कांदा संपला की डाव्या हाताला घेवडा." भाऊ पाऊण तास फिरून फोन करायला परत चौकात गेला. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी एकदा सांगायचा प्रयत्न केला की, मालक, आम्ही जमिनीपासून तीस फूट वर राहतो. "मग काय झालं," ते म्हणाले, "खाली हुलगाच हाय."

रोज सकाळी सहाला ते रानाची फेरी काढत. रान म्हणजे आम्ही. हातात काठी, डोक्याला टोपी, आणि गॅलऱ्यांकडे बघत अशी चाल की, यंदा पीक कसं आलंय. कुणाचा दिवा उशिरापर्यंत दिसला नाही तर दारात जाऊन चौकशी करत. अध्यक्षांच्या पत्नीला मध्यंतरी ताप होता तेव्हा घरातल्या माणसांच्या आधी त्यांना कळलं होतं, कारण दोन दिवस गॅलरीत वाळत घातलेलं काढलं नव्हतं. सोसायटीने प्रवेशद्वारापाशी शोभेची झाडं लावली तेव्हा मात्र ते फार वेळ थांबले. "याला लागतं काय?" त्यांनी विचारलं. काही लागत नाही, असं सांगितल्यावर त्या झाडांकडे त्यांनी पुन्हा कधी पाहिलं नाही.

राजकारणाबद्दल त्यांचं मत असं काही नव्हतं. पद्धत होती. निवडणूक आली की हात जोडून जो कुणी उमेदवार दारात येई, पक्ष कुठलाही असो, त्याला ते खुर्ची देत, आणि टँकरच्या पाण्याचं तांब्या-फुलपात्र समोर ठेवून, ते रिकामं होईपर्यंत उभे राहत. पाण्यात तळाशी काय असे ते आम्हाला माहीत होतं. काहीजण डोळे मिटून प्यायले. एकाने हसत हसत पिशवीतून स्वतःची सीलबंद बाटली काढली. मूळमालक म्हणाले, "तुमचं पाणी तुमच्यापाशी हाय. मग आमच्यापाशी काय मागाया आलाय?" तो उमेदवार पडला. त्याचा आणि बाटलीचा संबंध नव्हता, पण आमच्या रस्त्यावर अजून तसंच सांगतात.

तर त्या रविवारी आमची परिस्थिती अशी होती. गाव शहरात येऊन दोन वर्षं झाली होती आणि पाण्याची लाइन मुख्य रस्त्यापर्यंत येऊन थांबली होती. दोन कुटुंबं फ्लॅट विकून बिबवेवाडीला परत गेली होती. आमच्या घरीही ठरलं होतं: मे महिन्यापर्यंत पाणी नाही आलं तर आपणही विकायचं. आयुष्यभराची शिल्लक त्या दोन खोल्यांत होती आणि पाणी नसलेला फ्लॅट कितीला जाईल हे मला माहीत होतं. मी तोवर तीन वेळा सगळ्यांच्या सह्या गोळा करून, नकाशा, झेरॉक्स आणि अनुक्रमणिका जोडून जाडजूड अर्ज दिला होता. तिन्ही अर्जांना एकेक आवक क्रमांक मिळाला. त्याशिवाय काही मिळालं नाही.

"ताई, एकदम समदं पाणी सोडलं तर वाफा फुटतो," मूळमालक स्कूटरवरून म्हणाले. "बारी लावा."

बारी म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. त्यांची विहीर चार भावांत होती. आज थोरल्याचं पाणी, उद्या दुसऱ्याचं, असा दिवस ठरलेला. बारी विकायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, चुकवायची नाही. स्वतःच्या लग्नात हळद लावलेल्या अंगाने आपण दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यांत वळवायला, गेलो होतो, असं ते सांगत. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावर एवढंच म्हणत, "माझी हळद ह्यांच्या कांद्याला गेली." आता अर्जाचंही तसंच करायचं. रस्त्यावरची सगळी दारं ओळीने लिहायची. रोज एका घराने वॉर्ड ऑफिसात जायचं, एका ओळीचा अर्ज द्यायचा, आवक क्रमांक घ्यायचा, आणि संध्याकाळी फाइल शेजारच्या दारात ठेवायची. ज्याच्या दारात फाइल, उद्याची बारी त्याची.

यादी करायची म्हटल्यावर मी निम्मी बरी झाले. चव्वेचाळीस दारं निघाली. सोमवारी पहिलं दार सुटलं. पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या आवक-जावक क्लार्कनी पुणेरी सौजन्याने विचारलं, "आपण रोजच येणार असाल तर मस्टर मागवू का?" त्या दिवशी बारी शिक्षिकांची होती. त्या म्हणाल्या, "मागवा. आमच्याकडे एकही गैरहजेरी नाही, आपलं आपण बघा." पुढच्या आठवड्यात अध्यक्ष गेले आणि आवक रजिस्टरचे रकाने कसे आखावेत हे समजावून आले. कुणी विणकाम नेलं, कुणी डबा नेला. मूळमालक रोज सगळ्यांबरोबर. त्यांना विचारलं, मालक, तुमचं दार शेवटचं, तुम्ही रोज का जाता? तर म्हणाले, "पाणी चाललंय का ते बघाया नको?"

आणि मग माझी चूक झाली. यादी मी दारांच्या क्रमाने केली होती, माणसांच्या नव्हे. तेविसाव्या दारात नवे भाडेकरू आले होते, चाळिशीचे, चष्मेवाले, फारसं न बोलणारे. त्यांच्या दारात फाइल गेली त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले.

"ताई, उद्या मी हा अर्ज कुणाला द्यायचा?"

"पाणी विभागाच्या कनिष्ठ अभियंत्यांना."

"तो मी आहे," ते म्हणाले.

मी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मग टँकरचं पाणी दिलं म्हणून संकोचले. मी म्हटलं, तुमचं दार आपण वगळू. तेवढ्यात मूळमालक आलेच. या साहेबांचं घर जुन्या बांधावर येत असल्याने ते त्यांना बांधावरचे साहेब म्हणत. "वगळू नगा," ते म्हणाले. "एक बारी चुकली की खालचं रान वाळतं. साहेब, उद्या टेबलाच्या ह्या अंगाला उभं ऱ्हायचं. परवा त्या अंगाला बसा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मूळमालकांबरोबर आपल्याच ऑफिसात रांगेत उभे राहिले. क्लार्कनी त्यांना बघितलं, अर्ज बघितला, आवक क्रमांक घातला आणि नेहमीचं वाक्य तोंडातून निघून गेलं: "संबंधित साहेबांना भेटा." संबंधित साहेब रजेवर होते. म्हणून ते आपल्याच रिकाम्या खुर्चीसमोरच्या बाकावर बसले. एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, हे साहेब नेहमी असेच जागेवर नसतात का. "असतात," ते म्हणाले, "पण बघत नाहीत." हे मला मूळमालकांनी सांगितलं, आणि सांगताना ते हसले नाहीत.

रजा संपल्यावर साहेब टेबलापलीकडे जाऊन बसले आणि आमचे बावीस अर्ज, अधिक स्वतःचा एक, पहिल्यांदा एकत्र वाचले. मग नकाशा काढला. तेव्हा उलगडा झाला. ऑफिसच्या नकाशात आमच्या जागी रस्ताच नव्हता. हिरवा रंग होता. शेती. शेतात पिण्याच्या पाण्याची लाइन टाकता येत नाही, म्हणून प्रत्येक अर्ज योग्य त्या ठिकाणी जाऊन योग्य रीतीने थांबत होता. मूळमालकांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "सरकारला बी म्हाईत हाय," ते काकींना सांगत होते.

पण उजेड फार टिकला नाही. सातबारा काढला तेव्हा कळलं की बिल्डरने इमारतींची जागा घेतली, मधला रस्ता घेतलाच नव्हता. वीस फूट रुंद आणि ओढ्यापर्यंत लांब अशी ती पट्टी अजून मूळमालकांच्याच नावावर होती. ती त्यांनी महापालिकेच्या ताब्यात दिली तरच लाइन येणार. मोबदला काही नाही, ताबा पावतीवर सही फक्त.

जो माणूस रोज आमच्याबरोबर ऑफिसात येत होता, तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळची फेरी बंद झाली. एप्रिल अर्धा संपला होता. आमच्या फ्लॅटला गिऱ्हाईक बघायला येऊन गेलं होतं. मी रागावले होते, हे आता कबूल करते. आठव्या दिवशी साहेब आणि मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते, समोर सातबाऱ्याचा कागद.

"आठ दिस झाले, उशाला घिऊन झोपत्यात," काकी म्हणाल्या. "जमीन न्हाई, काय न्हाई. कागद नुसता."

"कागदच ऱ्हायलाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता सांगू लागले. "ही वाट माझ्या बानं सोडली व्हती. बैलगाडी फिरंल एवढी. दोन्ही अंगाला पेरलं, पर वाटंवर नांगर घातला न्हाई कधी. मीबी समदं इकलं, ही इकली न्हाई. कुणी मागितलीच न्हाई म्हना."

साहेब म्हणाले, "मालक, तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही."

"दोष कशाचा? बारी माझी हाय." त्यांनी पेन मागितलं. टेकवलं आणि परत उचललं. "एक नळ पायजे. ओढ्याच्या तोंडाला, रस्त्यावर. कुणाच्या घरातला न्हाई."

ओढ्याच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्या होत्या, बांधकामावरच्या माणसांच्या. त्यांची दारं माझ्या यादीत नव्हती. मी म्हटलं, "मालक, ते लोक आपल्या बारीत नाहीत."

"बारी पिकाच्या पाण्याला असती, ताई. पिण्याच्या पाण्याला बारी नसती. आमच्या हिरीवर वाटंचा माणूस पाणी मागाया थांबला, तर ज्याची बारी असंल त्यानं मोट थांबवायची." साहेबांनी ती अट कागदावर लिहिली. मग मालकांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट.

मे महिन्याच्या शेवटी रस्ता खणला गेला. पट्टी कुठून कुठे हे ऑफिसातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. मूळमालक टेपचं टोक धरून पुढे चालत होते. जूनमध्ये एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरातली तोटी खाकरली, लालसर पाणी आलं, मग स्वच्छ आलं. फ्लॅट विकायचा नाही, असं गिऱ्हाइकाला मी फोन करून कळवलं. मुलगी याच घरातून शाळेत गेली, कॉलेजात गेली. आज दोन खोल्यांच्या तीन झाल्या आहेत. हे सगळं त्या वीस फुटांच्या पट्टीवर उभं आहे. आभार मानायला मी मूळमालकांकडे पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "वाट हाय, तुमी चालताय. त्यात काय." फेरी त्यांनी पुन्हा सुरू केली, काठी थोडी जास्त टेकून.

नळाचं सांगायचं राहिलं. बांधावरच्या साहेबांनी बदली होऊन विश्रांतवाडीला जाण्याआधी ओढ्याच्या तोंडाला पाइपचं टोक वर काढून, टोपण लावून ठेवलं. वर तोटी बसवायला आजूबाजूच्या सोसायट्यांची हरकत नसल्याचं पत्र हवं होतं. इतर दोन सोसायट्यांनी ते दिलं. नळ असावा याबद्दल आमच्या सभेतही एकमत झालं. फक्त तो आमच्या फाटकापासून इतका जवळ नसावा, असं ठरलं. चिटणीस म्हणून हरकतीचं पत्र मी लिहिलं. मुद्दा एक, गर्दी. मुद्दा दोन, चिखल. मुद्दा तीन, डास. क्रमवार, समास सोडून, प्रतीसह. त्याची एक प्रत रीतीप्रमाणे मूळमालकांना द्यावी लागली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली.

"अक्षर चांगलं हाय, ताई," ते म्हणाले.

आता इतक्या वर्षांनी पत्र मागे घ्यायचं तर सभेचा ठराव लागतो, आणि ठरावाला पाच सह्या. माझ्यासह चार झाल्या आहेत. पाचवीसाठी मी गेल्या रविवारी दोन दारांत जाऊन आले, बघू, म्हणाले. पाइपचं टोक अजून टोपणासकट तिथेच उभं आहे.