तक्रारबाईची उलटी कात्री

तक्रारबाईचं आणि धारवाल्या मिस्त्रीचं काहीतरी आहे, अशी कुजबुज कात्र्यांच्या त्या कारखान्यात वर्षभर चालू होती. जेवणाच्या सुट्टीत दोघं भंगारखोलीत शिरायची आणि आतून कडी! मिस्त्री विधुर, बाई संसारी. लोकांना डब्यात वेगळं तोंडी लावणं लागेना.

बाईचं काम परत आलेल्या कात्र्या नोंदवायचं. ‘कापत नाही’ अशी चिठ्ठी आली की कात्री मिस्त्रीकडे, धार लावून पुन्हा गिऱ्हाइकाकडे. आणि महिन्याभरात तीच बया परत दारात, रुसून माहेरी आल्यासारखी. साठ वर्षं हेच. धार ठणठणीत आहे, माणसं डावखुरी आहेत, हे बाईने ताडलं. डाव्या हातात ही पाती एकमेकांना भिडायच्या ऐवजी फाकतात, कापड मधे दुमडतं.

तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही चिठ्ठ्या लावा.”

मग काय, भंगारातलं पोलाद, मिस्त्रीचे हात आणि बाईचा हट्ट!

शेवटी साहेबांनी बोलावलंच. “कडी लावून काय चालतं? सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

बाईने भंगारखोलीत घडवलेली कात्री टेबलावर आपटली. “हे चालतं. कापा.”

साहेबांनी टेबलावरचा फडका उजव्या हाताने कापायला घेतला. फडका नुसता चघळला गेला.

“हिला धारच नाही!”

“गिऱ्हाईक साठ वर्षं हेच लिहितंय, साहेब. आता डाव्या हातात घ्या.”

फडक्याचे दोन तुकडे झाले.

“चालवून कोणी बघितली? तुम्ही आणि मिस्त्री तर दोघंही उजव्या हाताची.”

“ते नाव मिळणार नाही. काढायचं तर काढा, पण ही अक्कल मी फाटकावर जमा करून जाणार नाही. ठेवायचं तर खोली द्या, नवं पोलाद द्या, रोजचे दोन तास द्या. आणि पहिल्या पन्नास बिघडल्या तर तोंड उघडायचं नाही.”

साहेबांनी सगळं दिलं, तोंडही उघडलं नाही. विक्री घसरल्याने बंद पडणारी दुसरी पाळी त्या वर्षी उलट्या कात्र्यांनी तगवली. वार्षिक अहवालात छापून आलं, ‘व्यवस्थापनाची दूरदृष्टी’. बाईने ते पान उभं कापलं आणि पाठकोऱ्या बाजूला तक्रारी लिहिल्या.

कुजबुजीतून निसटलं ते एवढंच, की भंगारखोलीत तिसरा माणूस असायचा. तो तिचा नवरा, डावखुरा शिंपी. पहारेकरी त्याला परवानगीशिवाय मागच्या फाटकातून आत सोडायचा. पहारेकऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून बाई गप्प राहिली.