गुनवोरबाईंचा सॅमन

नॉर्वेतल्या नामसोस गावच्या वृद्धाश्रमात गुनवोरबाई सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होत्या, आणि मासा खळखळ उकळणाऱ्याला त्या सरळ गुन्हेगार समजत. खारं पाणी उकळायचं, पातेलं खाली उतरवायचं, मग सॅमनचे तुकडे सोडून दहा मिनिटं झाकण ठेवायचं, बस्स.

त्या महिन्यात नव्वदीच्या एलर्टकाकांचं वजन चार किलोंनी उतरलं. गिळायला सोपा म्हणून नर्सने माशाचा लगदा करायला सांगितला. जन्मभर नदीवर गळ टाकून बसलेल्या काकांनी वाटी बाजूला सारली.

"मांजराला घाला."

मग गुनवोरबाई स्वतःच ताजा सॅमन, बटाटे आणि आंबट काकडी घेऊन आल्या.

"निदान कातडं तरी काढा!" नर्स म्हणाली.

"अगं, चांगली चरबी त्याखालीच असते. यांच्या हाडांवर काय, तुझा लगदा थापायचा?"

काकांनी जेवणाच्या काट्याने तुकडा मोडला. आत गुलाबी, ओलसर.

"मीठ कमी आहे," ते गुरगुरले.

"खा मुकाट्याने, काका!"

त्यांनी खाल्लं, कातड्यासकट. मग रिकामी ताटली पुढे केली.

"आता नीट मीठ घालून आण."