आमच्या व्याह्यांनी मोडलेला करार

प्रत्यक्ष गणपतीशी घासाघीस करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तोच माझ्या मुलीचा सासरा निघाला. आमचे व्याही मूळचे साताऱ्याकडचे. पिंपरीतल्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची अर्धी वर्षं मशीनवर घालवली आणि अर्धी युनियनच्या कामात. निवृत्त होऊन ते मोशीला मुलाच्या फ्लॅटमध्ये आले, पण युनियन काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. गणपती बसला की हात जोडून ते मुलाला बढती, कुरुळीत गुंठाभर जमीन, सोसायटीला चोवीस तास पाणी आणि स्वतःच्या गुडघ्याला आराम असं एका दमात मागून घेतात. विसर्जनाच्या दिवशी मूर्तीच्या कानाशी लागून सांगतात, “गुडघ्याचं तेवढं बघ, बाकीचं ऱ्हाऊ दे.” मी एकदा विचारलं, की मग आधी एवढं मागायचंच कशाला? तर माझ्या अडाणीपणाची कीव करत म्हणाले, “पाव्हणं, मागणीत पाणी घालायचंच असतंय. म्यानेजमेंट पाणी काढून घेतंय आन् खूश हुतंय. दूध आपल्याकडं ऱ्हातंय.”

हे शास्त्र त्यांनी लग्नाच्या बैठकीत माझ्यावरच चालवलं होतं. हुंड्याचं नावही काढलं नाही, हे खरं. पण मांडीवर थाप मारून मागितलं काय, तर नवरदेवाला घोडा, नाशिकचा ढोल आणि ऐन मार्गशीर्षात आमरस. माझ्या बायकोचा चेहरा पडला. मी घाम पुसत म्हणालो, “अहो, आमरस कसा जमायचा?” तशी त्यांनी आमरस सोडला, मग ढोल सोडला, मग मोठ्या मनानं घोडाही सोडला, आणि “जेवणात भरली वांगी तेवढी झणझणीत करा” यावर उठून मला मिठी मारली. मी जिंकल्याच्या आनंदात घरी आलो. त्या माणसाला पहिल्यापासून फक्त वांगीच हवी होती, हे माझ्या टाळक्यात लग्नाच्या पंगतीत शिरलं. सोसायटीची लिफ्ट बंद पडली तेव्हाही त्यांनी फाटकाशी गेट मीटिंग बोलावली. पहिल्या दिवशी वॉचमनखेरीज कुणी आलं नाही, म्हणून त्यांनी त्या बिचाऱ्याकडूनच “झिंदाबाद” म्हणवून घेतलं आणि मग त्याला चहा पाजला.

तर अशा या माणसाच्या हाती आमच्या नातीचं प्रकरण गेलं. ईशू तेव्हा तिसरीत होती. बोलायला चुरूचुरू, तोंडी हिशोबात आम्हा दोघा आजोबांना पाणी पाजणारी, पण अक्षरं काही तिच्या डोळ्यांपुढे स्थिर राहीनात. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की बुद्धीत काडीची कमी नाही, पण वाचायला हिला वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागेल, आणि त्यासाठी शाळेत विशेष शिक्षिका हवी. माझी मुलगी वाकडहून ऑफिस अर्धं टाकून शाळेत खेपा घालायची, जावई चाकणची शिफ्ट बदलून जायचा. शाळा गोड हसून म्हणायची, “बघू या.” मध्येच कुणीतरी हळूच सुचवलं, की तुम्ही दुसरी एखादी शाळा का बघत नाही. त्या दिवशी मुलगी फोनवर माझ्याशी रडली. व्याह्यांनी हे ऐकलं आणि जाहीर केलं, “आता वाटाघाटी मी करनार.”

वाटाघाटीला एकट्यानं जायचं नसतं, म्हणून मला बरोबर घेतलं. माझं काम फक्त गंभीर चेहरा करून बसण्याचं. प्रिन्सिपल मॅडम तरुण होत्या, टेबल स्वच्छ, आवाज मऊ. व्याह्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. नातीला विशेष शिक्षिका पाहिजे. पेपरला जादा वेळ पाहिजे. शुद्धलेखनाचे मार्क कापू नयेत. आणि मग पाणी घातलं: शाळेची बस बिल्डिंगच्या दारात यावी, वऱ्हांड्यात थंड पाण्याचा कूलर बसवावा, डब्याची सुट्टी वाढवावी. मॅडमनी सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “बस येईल, आजोबा. कूलर बसवू. सुट्टीही वाढवू, जादा वेळही देऊ, मार्कही कापणार नाही. विशेष शिक्षिकेचं मात्र पुढच्या वर्षी बघू या.” आमच्या व्याह्यांना उभ्या आयुष्यात एका बैठकीत एवढं कुणी दिलं नव्हतं. समोरचा एवढं देतो आणि एकच राखतो, तिथं उठायचं, हा त्यांचा हाडीमाशी खिळलेला नियम. ते ताडकन उठले, “मान्य!” म्हणाले आणि हात मिळवला. येताना त्यांनी पेढे घेतले.

घरी मुलीनं पेढा हातात धरूनच विचारलं, “आणि शिकवणाऱ्या बाईंचं?” व्याही म्हणाले, “पुढच्या वर्षी देनार हायत की.” तिनं पेढा परत पुड्यात ठेवला. आपल्या आबांचा, म्हणजे व्याह्यांचा, चेहरा उतरलेला बघून ईशूच पुढे आली. “आबा, मी वाचून दाखवू?” तिनं मराठीचं पुस्तक उघडलं, ओळींवरून बोट फिरवत खारुताईचा धडा घडाघडा म्हटला. व्याही खुलले. “ह्ये बघा, वाचतीया की पोरगी!” मुलीनं पुस्तक हळूच आमच्याकडे वळवलं. उघडं पान भलत्याच धड्याचं होतं, त्यात विहिरीचं चित्र. ईशू खाली बघत म्हणाली, “मला सगळे धडे पाठ आहेत. शेजारची मुलगी म्हणते ना, ते ऐकून. पाठ असलं की बाई ओरडत नाहीत.” अरेरे, त्या क्षणी व्याह्यांकडे बघवेना. एवढा दणकट माणूस, पण पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन एकदम म्हातारा दिसायला लागला. मला त्यांची फार दया आली, आणि पोरीचीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा मॅडमपुढे उभे राहिले. बसले नाहीत. “मॅडम, आजवर म्यां एकबी करार मोडला न्हाई. आज मोडाया आलोय. बस न्हेऊ द्या नाक्यावर. सुट्टी कापा. कूलर परत घ्या.”

“कूलर अजून आणलाच नाही, आजोबा.”

“मग आणू नगा. माझ्या नातीला वाचाया येत न्हाई. तिला शिकवणारं मानूस द्या. एवढंच मागनं हाय, आन् ह्यातलं कायबी कमी हुनार न्हाई. तिचा हक्क हाय त्यो.”

मॅडम म्हणाल्या, “एका मुलीसाठी संस्था शिक्षिका कशी नेमेल?” व्याह्यांनी विचारलं, “एकच हाय का अशी?” मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “नाही.”

त्या दुपारपासून आमचे व्याही शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहू लागले. घोषणा नाही, भाषण नाही. पोरांना न्यायला आलेल्या आयाबापांना नमस्कार करायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, “माझ्या नातीला वाचाया येत न्हाई. तुमच्यात कुनाचं हाय का असं?” असल्या गोष्टी आमच्याकडे कुणी चारचौघांत बोलतं का? लोक लाजून बाजूला सरकायचे. माझी मुलगी तर पहिल्या दिवशी रागानं लाल झाली. पण एकदा कंपनीचा युनिफॉर्म घातलेली कुरुळीची एक बाई रेंगाळली आणि हळूच म्हणाली, “माझ्या पोराचंबी तसंच हाय, काका. मी कुनाला सांगितलं न्हाई.” मग दुसरं कुणी आलं, मग आणखी. दिवाळीआधी ही सगळी मंडळी मॅडमच्या खोलीत मावेना, आणि सगळ्यांचं मागणं एकच. दिवाळीनंतर शाळेत विशेष शिक्षिका आल्या. कूलर मात्र आजतागायत आला नाही, आणि त्याची चौकशी करायची आमच्या व्याह्यांची छाती नाही.

पुढे त्या शिक्षिकाबाईंनी सांगितलं, की घरी रोज कुणीतरी ईशूचं वाचन ऐकावं, मध्ये बोलू नये. जन्मभर दुसऱ्याचं बोलणं तोडून स्वतः बोललेला हा माणूस रोज संध्याकाळी गॅलरीत तिच्याजवळ मुकाट बसू लागला. एकेक ओळ संपायला उजाडेल असं वाटायचं. ती एखाद्या शब्दापाशी अडायची, आणि यांचे ओठ नुसते हलायचे, पण आवाज म्हणून बाहेर पडायचा नाही.

आता ती पाचवीत आहे. परवा मी गेलो तर दोघं गॅलरीतच होती. ईशूच्या मांडीवर गोष्टीचं जाड पुस्तक, आणि व्याही शेजारी हात बांधून बसलेले. वाचण्याचा आवाज येईना. मी खुणेनं विचारलं तर ते माझ्याशी कुजबुजले, “पाव्हणं, ती आता मनातच वाचतीया.”

“मग चांगलंच झालं की!”

“चांगलंच हाय,” ते म्हणाले. मग पुस्तकाकडे मान वाकडी केली. “काय वाचत आसंल वो?”

“विचारा की तिला.”

“नगं. तिची तंद्री मोडंल.”

पान उलटताना ती स्वतःशीच हसली, आणि कशाला ते ठाऊक नसताना आमचे व्याही तिच्याबरोबर हसले.