हलकं पॅडल
बाजारात ओल्या बोंबलांचा वास आला की माझ्या मुठी हँडल धरल्यासारख्या आवळतात. आम्ही घणसोलीत नवे होतो तेव्हा मी सायकलला मागे छोटा ट्रेलर जोडून बाजार करायचे. तांदळाची गोणी, भाजी आणि पट्ट्याने बांधलेली चार वर्षांची लेक, सगळं त्यातच. मागचं दिसत नसे, म्हणून मी थोड्या थोड्या वेळाने विचारायचे, "आहेस ना?" आणि ती म्हणायची, "आहे." त्या सकाळी पुलाचा चढ चढताना पॅडल एकदम हलकं झालं. मला बरंच वाटलं, चढ संपला असेल म्हणून. सवयीने विचारलं, "आहेस ना?" उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर जोडाची पिन निसटलेली आणि ट्रेलर ट्रकांच्या रस्त्याकडे मागे मागे घरंगळत निघालेला. लेक माझ्याकडेच बघत होती, तोंड उघडं, आवाज नाही. मी सायकल टाकून धावले, पण अंतर वाढतच होतं. उताराच्या पायथ्याशी मासळी विकायला बसलेल्या घणसोली गावातल्या एका मावशीने आपली बोंबलांची भरली पाटी चाकाखाली सरकवली. ट्रेलर गचका खाऊन थांबला. चिरडलेल्या बोंबलांकडे मी नुसती बघत राहिले, तर ती म्हणाली, "मावऱ्याचं काय, पोरीला घे आदी." लेक आता पुण्याला शिकते. तिने फोन उचलला की मी पहिलं "आहेस ना?" विचारते, आणि तिचं "आहे" येईपर्यंत माझ्या पायाखालचं पॅडल हलकंच असतं.