सगळ्यांना जाळणारेच व्हायचं होतं

आमच्या बाला मारलं तेव्हा लख्ख ऊन होतं, आणि मारणाऱ्यांपैकी एकानंही तोंड बांधलेलं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मुंबईत झाला होता. आमच्या गावातल्या बहुतेकांनी ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, बानंही नाही. आधी आमचं विहिरीवरचं पाणी बंद झालं, मग गिरणीतलं दळण. मग त्या दुपारी वेशीकडून आरडाओरडा ऐकू आला आणि बौद्धवाड्यातल्या पहिल्या छपराचा धूर दिसला.

बानं मला, दादाला आणि मायला मागच्या कुडातून बाहेर ढकललं. "जवारीत शिरा. काय बी झालं तरी उठू नका," एवढंच म्हणाला. जवारी कमरेच्या वर आली होती. आम्ही चिखलात पालथे पडलो. बा मात्र उलट्या बाजूला, उघड्या वाटेनं, मुद्दाम मोठ्यानं ओरडत पळाला, आणि सगळा जमाव त्याच्यामागं गेला.

जवारीच्या ताटांच्या फटीतून मला दिसत होतं. पहिली काठी गुडघ्यावर बसली. तो पडला, हात टेकून उठायला लागला, तेव्हा एकानं कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, डोक्यात घातला. घालणारा आमच्या शेजारच्या शेतातला. त्याची विहीर बानंच खोदली होती. दादा उठायला लागला तशी माय त्याच्या पाठीवर बसली आणि त्याचं तोंड चिखलात दाबून धरलं. त्यानं तिच्या हाताला चावा घेतला, तो थेट मांसापर्यंत. ती हूं की चूं न करता तशीच बसून राहिली. मागं आमचं घर जळत होतं आणि आत बांधलेली शेळी ओरडत होती. ती गप्प झाली तेव्हा बासुद्धा हलायचा थांबला होता.

परभणीत आम्हा गावोगावहून पळून आलेल्या सगळ्यांना एका शाळेत ठेवलं. तिथली लेकरं रडत नव्हती, खेळतही नव्हती, भिंतीला टेकून गुमान बसायची. ते मला बघवेना. एक दिवस मी कोळशानं फरशीवर चौकोन आखले. मधोमध गाव, कडेला चारी बाजूंना सडक, तिथं पोचला तो सुटला. पळणारे चार: बा, माय, पोरगा, पोरगी. मागं लागणारे आठ, ते गावाला आग लावत येणार, म्हणून ते जाळणारे. काही घरं जवारीची. तिथं शिरलं की धरता येत नाही. दानासाठी फोडलेले चिंचोके. आणि एक नियम बोलता बोलताच माझ्या तोंडून निघून गेला: बा मेला की बाकीच्यांना एक दान फुकट.

मला वाटलं होतं, लेकरं पळणाऱ्यांची बाजू घ्यायला भांडतील. पण सगळ्यांना जाळणारेच व्हायचं होतं. ज्यांची घरं जळली होती त्यांनाही. त्यासाठी त्यांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या, आणि एका पोरीनं दुसरीच्या कपाळात पाटी घालून रक्त काढलं. म्हणून मी दुसरा नियम केला. डाव संपला की बाजू पालटायची. जाळणाऱ्यानं पळायचं, पळणाऱ्यानं जाळायचं. मग मात्र खेळ थांबेचना.

तेव्हा आम्ही गावी परत गेलो नाही. मी शिवणकाम करायला लागले, दादा एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला. छापखान्याचे मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. बऱ्याच वर्षांनी त्यांनी माझा खेळ गल्लीतल्या पोरांत बघितला. तास न् तास उभे राहून बघितला आणि म्हणाले, "बेटी, ये तो छापना चाहिए." लग्नपत्रिकांच्या उरलेल्या पुठ्ठ्यावर त्यांनी तो छापला. नाव ठेवलं 'पळापळी'. उरुसात विकला, पोखर्णीच्या जत्रेत विकला. मग नांदेड, जालन्याची दुकानं मागायला लागली. वसतिगृहातली पोरं त्यावर पैजा लावायची. दादानं तो स्वतःच्या हातानं छापला, पण खेळला एकदाही नाही. जवारीच्या घरांवर शाई लावताना तो मान फिरवायचा.

खेळावर कुणाची जात लिहिलेली नव्हती. पण बघणाऱ्याला कळायचं. एका सकाळी पंधरा-वीस जण छापखान्यात शिरले. "गावाची बदनामी करायलाव का?" एकानं विचारलं. कोणत्या गावाची, ते त्यानं सांगितलं नाही. त्यांनी खिळ्यांची घरं उपडी केली, छपाईच्या, पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर घण घातले. चाचा आडवे आले तर त्यांना दाढीला धरून फरफटवलं. दादाचा उजवा हात मशीनमध्ये घालून दोघांनी पायटा दाबला. मी पोचले तेव्हा तो खिळ्यांच्या ढिगात बसला होता आणि चार बोटं भलतीकडेच वळली होती.

दवाखान्यात चाचांनी माझा हात हातात घेतला. "बस हो गया, बेटी. अब मेरे से नहीं होता."

अशात मुंबईच्या एका मोठ्या खेळणी कंपनीचा साहेब आला. त्यांच्या माणसाला तो खेळ नांदेडात मिळाला होता. साहेब मराठीच होता, तरुण, इस्त्रीच्या शर्टातला. आमच्या खोलीत सतरंजीवर बसून त्यानं माझ्याशी एक डाव खेळला आणि बाची सोंगटी स्वतःच पुढं करून मारू दिली. मग टाळी वाजवून हसला.

"ताई, बाप मेल्यावरचं फुकट दान! या खेळाचा जीव त्यातच आहे. कसं सुचलं हो तुम्हाला?"

दादा कोपऱ्यात बसला होता. तो उठला. छापखान्यातून वाचलेली लोखंडी चौकट भिंतीला टेकवलेली होती, ती डाव्या हातानं उचलून त्यानं साहेबाच्या तोंडावर मारली. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्यांदा उगारली तेव्हा मी मध्ये पडले आणि ती माझ्या खांद्यावर बसली. माय चुलीपुढून हललीसुद्धा नाही.

साहेब रुमाल तोंडाला धरून भिंतीशी बसला. त्याचा शर्ट रक्तानं माखला होता. मी त्याला सांगितलं, बा कसा पळाला आणि कसा मेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. पोलिसात जाईल असं मला वाटत होतं.

"मला माहीत नव्हतं," तो बोबडं बोलला. मग रुमालात रक्त थुंकून म्हणाला, "पण खेळ आम्हाला हवाय. आग मात्र काढावी लागेल."

तो गेल्यावर दादा माझ्या अंगावर आला. "बाला विकायलीस?"

"बाला न्हाई. खेळ विकायले. आता छापनार कोन? तुपला हात बघ."

त्यानं त्याच मोडक्या हातानं माझ्या तोंडात मारली आणि दुखून स्वतःच ओरडला. तेव्हा माय पहिल्यांदा बोलली. "विक. घर बांधायचंय मला."

"कुठं?" मी विचारलं.

"जितं जाळलं तितंच."

मी सही केली. कंपनीनं गावाचं जंगल केलं, जवारीचं गवत केलं, जमावाचे शिकारी झाले आणि बाचा सांबर. मी एकाच गोष्टीला अडून बसले होते: बाजू पालटायचा नियम राहिला पाहिजे. तो त्यांनी ठेवला. रंगीत डब्यातला तो खेळ देशभर गेला. डब्यावर माझं नाव नव्हतं, आणि ते नाही याचं मला बरंच वाटलं. चाचांना मशीन दुरुस्त करून दिलं. त्यावर त्यांनी पुन्हा लग्नपत्रिकाच छापल्या.

घर बांधायला माय एकटीच गावी गेली. दादानं त्या पैशाला हात लावणार नाही अशी शपथ घेतली होती. पाया भरला त्या दिवशी पहिला दगड भिरभिरत आला. भिंती कमरेपर्यंत आल्या तेव्हा एक दगड मायच्या कपाळावर बसला आणि तिचं कपाळ फुटलं. तिनं पदर बांधला आणि गवंड्याला म्हणाली, "थांबू नको." निरोप कळला तसा दादा कुऱ्हाड घेऊन गेला आणि अर्धवट भिंतीवर जाऊन बसला. स्लॅब पडेपर्यंत त्याचा मुक्काम तिथंच होता. शेजारच्या शेतातला तो माणूस रोज त्या वाटेनं जायचा. तो मोकळाच फिरत होता. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला आमच्याशिवाय कुणी उभं राहिलं नव्हतं. एकदा दादानं खाली उडी मारून त्याला चिखलात पाडलं, त्याचं तोंड दाबून धरलं, कुऱ्हाड उचलली. माय धावत आली. या वेळी तिनं दादाला धरलं नाही. नुसती जवळ उभी राहिली आणि म्हणाली, "बघ बाबा. तुपलं तू बघ."

दादानं कुऱ्हाड बांधावर टाकली आणि त्याला सोडलं. तो माणूस रांगत दूर गेला.

विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं तेव्हा मी त्याच घरात होते. पुन्हा दगड आले. पत्र्याचं दार चेपलं, खिडकीची काच माझ्या गालात शिरली. आम्ही तिघं आत जमिनीवर बसून होतो. बाहेर कुणीतरी पेटता बोळा स्लॅबवर फेकला. तो थोडा वेळ जळला आणि विझला. दादानं दाराला पाठ लावली होती. मायनं माझ्या गालातली काच काढली, हळद दाबली आणि पीठ मळायला घेतलं.