बर्फगाडीची घोडी

माझ्या मावससासूबाई, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या मावशी, कोणावरही रागावल्या नाहीत असा एकही दिवस बोरिवली पूर्वेने अजून पाहिलेला नाही. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारणाऱ्यावरही त्या रागावतात. सकाळी दार उघडून दुधाची पिशवी उचलली की त्यांचा पहिला राग पिशवीवर छापलेल्या हसऱ्या गाईवर निघतो. "गाय कधी अशी हसते का हो? आणि हे वरचे दात कुठून आणले? गाईला वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच." हे त्या मला निदान शंभरदा म्हणाल्या असतील, आणि दर वेळी असं की जणू पिशवी मीच छापली.

तीस वर्षं त्यांनी आरे कॉलनीत गुरांच्या दवाखान्यात ड्रेसरची नोकरी केली. ड्रेसर म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, पण मावशींनी ते पद स्वतःच वाढवून घेतलं होतं. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवण्यात त्यांच्याइतका हातखंडा डॉक्टरांचाही नव्हता, असं त्याच सांगतात, आणि तिथल्या तबेल्यांतली जुनी माणसं आजही त्याला मान डोलावतात. कॉलनीतल्या त्यांच्या क्वार्टरमागे बिबट्या यायचा. भीती नाही वाटायची का, असं मी एकदा विचारलं. "कसली भीती? तो वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. तुमच्यासारखा तासभर जिन्यात उभा राहून फोनवर नाही बोलायचा." एवढं सगळं ऐकून कोणी त्यांना प्राणीप्रेमी म्हटलं, की संपलं. बाई मूळच्या मालवणकडच्या. बुधवार-रविवार बांगडा लागतो. कुत्र्यामांजरांना कधी हात लावत नाहीत, आणि गेटवरच्या कुत्र्यांना क्रीमची बिस्किटं घालणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याशी त्या बोलतसुद्धा नाहीत. "मला जनावरं आवडतात असं कोणी सांगितलं तुला, मेल्या? आवडायचं काय त्यात? जनावराचं करायचं असतं."

माझी नि त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. माझ्या धाकट्या काकांच्या हौसेपायी मला विलेपार्ल्याच्या एका गल्लीत घोडीवर बसवलेलं होतं. बँडवाले रंगात आले होते, फेटा कानावर सरकत होता, आणि समोरून मुलीकडच्या माणसांतून एक ठेंगणी बाई हिरव्या नऊवारीचा काष्टा सावरत आली, खाली वाकली आणि घोडीचा पुढचा उजवा पाय उचलून तळहातावर घेऊन बघू लागली. बँड थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, नुसतं म्हणाल्या, "उतरा, जावईबापू. खुरात खडा रुतलाय तिच्या, वर तुमचं वजन." मी उतरलो. फेटा, शेरवानी, हातात तलवार, अशा थाटात मी उरलेली वाट चालत गेलो, आणि माझ्यामागून रिकामी घोडी लंगडत आली. माझे काका त्यांच्याशी पुढची चार वर्षं बोलले नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून त्यांना थोडा घाबरतो, आणि कुठल्याही जनावरावर बसलेलो नाही.

आमच्या गल्लीत येणारा नंदीबैलवालासुद्धा त्यांना घाबरतो. ढोलकीचा आवाज आला की मावशी हळदीची वाटी घेऊन खाली उतरतात, बैलाच्या नाकातली वेसण सैल करायला लावतात, जखमेला हळद-तेल लावतात आणि लावता लावता त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मग त्याला चहा देतात. तो दर महिन्याला येतो. शिव्यांसाठी येतो की चहासाठी, हे मला कळलेलं नाही. बहुधा हळदीसाठी येत असावा.

अशा बाईला मी महोत्सवाला नेलं, ही चूक माझी. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्याकडच्या एका मैदानावर हिवाळी महोत्सव लागला होता. आपल्याकडचा हिवाळा तो, दुपारी बनियन अंगाला चिकटत होता. पण मैदानात थर्माकोलचे डोंगर उभे होते आणि मोठ्या पंख्यांतून साबणाचा फेस बर्फ म्हणून उडत होता. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिने मावशीआजी आलीच पाहिजे म्हणून हट्ट धरला. बायको ऑफिसात होती, मी पास काढले, आणि फाटकावरच्या फलकाकडे माझं लक्षच गेलं नाही. 'जिवंत रेनडिअरची बर्फगाडी' असं त्यावर लिहिलेलं होतं.

तो रेनडिअर म्हणजे एक घोडी होती. तपकिरी, बुटकी. डोक्यावर प्लॅस्टिकची फांद्या-फांद्यांची शिंगं, ती जबड्याखालून पट्ट्याने आवळलेली. नाकावर लाल स्पंजचा चेंडू इलॅस्टिकने बसवलेला. अंगावर मखमलीची झूल, आणि मागे चाकं लावलेली लाकडी गाडी, तिच्यात एका वेळी सहा मुलं. कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यावर ती त्या फेसातून गोल गोल फिरत होती. फेस तिच्या डोळ्यांत जात होता आणि ती एकसारखी मान झटकत होती. मुलांना वाटत होतं ती नाचते आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसांत मीही होतो, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा फोन काढून तिचं शूटिंग करत होतो. ते आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

मावशी दोरीखालून आत गेल्या. गाडी थांबली तशी त्यांनी घोडीच्या पोटाखाली हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या, नाडी बघावी तशा. हातात वॉकीटॉकी घेतलेला एक मॅनेजर धावत आला.

"मॅडम, टच नका करू. बाहेर या."

"गाभण आहे ही," मावशी म्हणाल्या. "दहावा महिना असेल. आतलं शिंगरू लाथ मारतंय. हात लावून बघ."

"ते आमचे ट्रेनर बघतात मॅडम. प्राण्यांना पण मजा येते, सगळे एंजॉय करतात. सीझन आहे आमचा, लाइन बघा केवढी आहे."

"तुझा सीझन," मावशी म्हणाल्या. "आणि हिचा?"

त्यांनी आधी नाकावरचा तो चेंडू ओढून काढला, मग शिंगांचा पट्टा सोडला. जबड्याखाली चामडी सोलवटून ओली झाली होती. शिंगं फेसात टाकून त्या स्वतः गाडीच्या पुढ्यात, त्याच फेसात मांडी घालून बसल्या. सत्तरीच्या बाईने मैदानाच्या मधोमध असं बसणं हा काय प्रकार असतो, ते तिथे असल्याशिवाय कळायचं नाही. मॅनेजर वॉकीटॉकीत ओरडत होता, रांग वैतागली होती. एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, "आजी, उठा ना प्लीज. मुलं रडायला लागली."

"रडू देत. रडून कोणी मरत नाही. तिच्या पोटातलं मरेल."

मग त्यांनी माझ्या मुलीला हाक मारली. तिचा हात धरून घोडीच्या पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "गप उभी राहा. वाट बघ." मुलगी उभी राहिली. थोड्या वेळाने तिचे डोळे मोठे झाले. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाबा, आत कोणीतरी आहे." रांगेतल्या मुलांनी ते ऐकलं. पुढची दोन-तीन मुलं आपणहून आली, मावशींनी त्यांनाही एकेकाला हात लावू दिला आणि मग पुरे म्हणाल्या, घोडी दमली आहे. त्यानंतर गाडीत बसायला कोणी तयार होईना. ते गृहस्थसुद्धा फोन खिशात घालून रांगेतून बाजूला झाले.

मी पोलिसांना फोन करायला बाजूला गेलो. तिथे तंबूत 'ससा कुशीत घ्या' असा कोपरा होता. फोन कानाला लावलेला असतानाच मी पाहिलं: तिथल्या माणसाने एका लहान मुलीच्या मांडीवरून ससा उचलला. ससा हलत नव्हता. "झोपला तो, बेटा," असं म्हणत त्याने तो मागच्या वेफर्सच्या खोक्यात टाकला आणि पिंजऱ्यातून दुसरा काढून तिच्या मांडीवर ठेवला. मी जाऊन खोक्यात बघितलं. आत आधीचे दोन होते.

मी भांडणारा माणूस नाही. ऑफिसात माझ्या वाट्याचं प्रमोशन दुसऱ्याला गेलं तेव्हा मी त्याचे पेढे खाल्ले होते. पण ते खोकं मी दोन्ही हातांनी उचललं, तिकिटांच्या टेबलावर नेऊन मॅनेजरच्या समोर ठेवलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पूर्वी कधी ऐकलेला नव्हता. "हे झोपलेत का? सांग ना लोकांना. सगळ्यांना बोलाव आणि सांग, झोपलेत म्हणून." तो म्हणाला, "सर, गर्मीमुळे होतं कधीकधी." अगदी शांतपणे म्हणाला. त्याच्या दृष्टीने फुगे फुटतात तसे ससे संपत होते.

एक हवालदारबाई आल्या. त्यांनी परवानगीचा कागद मागितला. कागदावर पाळणे होते, खाद्यपदार्थ होते, ध्वनिक्षेपक होते. जनावर एकही नव्हतं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि गाडी, ससे सगळं बंद करायला लावलं. मग मावशींजवळ जाऊन म्हणाल्या, "मावशी, आता उठा. पाय आखडतील." मावशींचे पाय खरंच आखडले होते. आम्ही दोघांनी धरून त्यांना उभं केलं.

तेवढ्यात तंबूमागून घोडीचा मालक आला. वाळलेला, पन्नाशीचा माणूस. मॅनेजर त्याच्यावरच घसरला, गाभण आहे हे सांगितलं का नाहीस म्हणून. मावशी त्याच्याकडे वळल्या तेव्हा मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. तो हात जोडून म्हणाला, "अम्माजी, मालूम था मेरे को. पर बैठेगी तो खाएगी क्या? और हम क्या खाएंगे?"

मावशींनी घोडीच्या आयाळीतला फेस पुसला. मग त्यांनी विचारलं, "नाम क्या है इसका?"

"बिजली."

त्यांनी माझा फोन घेतला आणि आरेतल्या एका तबेलेवाल्याला लावला. कधीकाळी त्याच्या म्हशीचं त्यांनी काहीतरी केलेलं होतं. फोनवरचं बोलणं मिनिटभराचं. "कोपऱ्यातली जागा रिकामी कर. घोडी येतेय. व्यायला अजून महिना-दीड महिना आहे. नाही म्हणू नकोस." संध्याकाळच्या आत बिजली टेम्पोतून आरेला गेली. घोडेवालाही तिच्यासोबत चढला.

महोत्सव मात्र बंद पडला नाही. आठवड्याने त्याच लोकांचा फलक मुलुंडला लागला. मी आणि मावशी बस बदलत तिथे गेलो. गाडी आता बॅटरीवर चालत होती, पण सशांचा कोपरा तसाच होता आणि त्यात आता बदकाची पिल्लंही ठेवली होती. आम्ही तिथल्या पोलीस ठाण्यात तक्रार लिहून दिली, पुन्हा लिहून दिली, तिसऱ्यांदा मी एकटा गेलो. तो कोपरा बंद झाला तेव्हा महोत्सवाचा शेवटचा दिवस होता. त्या वेफर्सच्या खोक्याचं काय झालं, ते मला कोणी सांगितलं नाही.

जानेवारी संपता संपता एका सकाळी मावशींचा फोन आला. "या. झालं." एवढंच. मी मुलीला शाळेत न पाठवता घेऊन गेलो. तबेल्याच्या कोपऱ्यात गवतावर काळपट, ओलसर असं शिंगरू चार पाय चार दिशांना टाकून उभं राहायचा प्रयत्न करत होतं आणि मावशी त्याच्यावरही रागावत होत्या. "अरे, मागचा पाय आधी. मागचा. कोणी शिकवलं नाही का तुला?" त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत ओला होता. पुढचे तीन-चार महिने त्या रोज बसने आरेला जायच्या. इमारतीत अचानक शांतता पसरली. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने मला विचारलं, आजींना बरं नाही का.

मे महिन्यात घोडेवाला आला. घोडी त्याची होती, तो तिला न्यायला आला होता. चोरून नाही, दोन दिवस आधी फोन करून, मावशींसाठी गावाकडचे आंबे घेऊन. पुढच्या दिवाळीपर्यंत तिला जुंपणार नाही, असं तो आपणहून म्हणाला. त्याचं पोट कशावर चालतं ते आम्हाला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत होतं की आम्हाला ते माहीत आहे. टेम्पोच्या फळीवरून बिजली चढली. शिंगरू अडलं, तेव्हा मावशींनीच त्याला मागून हात लावून चढवलं. शिंगरू आईच्या पोटाशी सरकलं. मावशींनी घोडेवाल्याच्या हातात हळदीची पुडी दिली. बोलल्या काहीच नाहीत. टेम्पो झाडांच्या वळणावर दिसेनासा झाला तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

परतताना बसमध्ये आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. आरेचा रस्ता संपून इमारती सुरू झाल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "जावईबापू, मी मघाशी त्या घोडेवाल्यावर ओरडायला हवं होतं का हो?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. आमचा स्टॉप आला, तेव्हा मी आधी उठलो आणि त्यांना हात दिला.