दुखणं गेलं तेव्हा

मी पदवीधर झालो तो हिरादादामुळे. माझा मोठा भाऊ. पनवेलच्या कोळीवाड्यात राहायचा, न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा आणि आपल्या घरातलं कुणीतरी कॉलेजात जावं म्हणून माझ्या मागे लागायचा. महिन्यापूर्वी वहिनीचा फोन आला. "भावजी, यांना हाका मारतेय, पन उठत नाय..." दवाखान्यात त्याची साखर मोजेपर्यंत तो गेला होता.

पोटात कळ आली की दादा गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. दारूला तो कधी शिवला नाही, तरी शेजारी कुजबुजायचेच. शेवटी स्वादुपिंडात खडे निघाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनबाईंनी आम्हाला समोर बसवलं. म्हणाल्या, "पूर्वी सर्जन वेदनेच्या नसाच कापायचे. काहींनी आख्खं स्वादुपिंड काढलं, मग रोगी जन्मभर इन्सुलिनवर. पुढे त्याची नळी उभी उघडून, खडे काढून, तिला आतडं जोडायला लागले. नंतर फुगलेला भागही आतून कोरायला लागले. तुमचं तसंच करू. दुखणं जाईल. पण तपासण्या सोडू नका."

दादाने त्यातलं एकच वाक्य घरी नेलं.

आणि दुखणं खरंच गेलं. तो पोटभर जेवू लागला, रात्रीच्या फेऱ्या घेऊ लागला. यंदा गणपतीला गेलो तर शर्ट अंगावर लोंबत होता. बोलता बोलता पाण्याची एक बाटली संपवून त्याने दुसरी उघडली.

"बाईंना दाखवून ये," मी म्हणालो.

"कशाला? दुखतंय कुठं? गिरॅज्युएट झाला नि याला आजाराची हौस आली."

सगळे हसले. वहिनी हसली नाही.

नागपूरला नोकरीवर परतल्यावर फोनवर विषय काढला की नेमकी त्याची रेंज जायची. मेसेज तो उघडत नसे. म्हणून पत्र लिहिलं. वहिनी सांगते, त्याने ते दोनदा वाचलं, "सायब झाला, आता शब्दांचा कीस काढतोय" म्हणाला आणि ट्रेलर घेऊन गेला. त्याच आठवड्यात...

पत्र असं होतं:

"ती. हिरादादास साष्टांग नमस्कार.

बाई 'दुखणं जाईल' म्हणाल्या ते पोटातल्या कळांबद्दल. आपण आजारालाही दुखणंच म्हणतो, म्हणून आजार गेला असं तू धरून चाललास. कळा थांबल्या, पण ते स्वादुपिंड आतून वाळतंच आहे आणि साखर सांभाळायचं काम त्याचंच. तुझी तहान मला साधी वाटत नाही. पूर्वी तू कळवळायचास तेव्हा निदान आम्हाला कळायचं तरी. आता तुला काहीच दुखत नाही, याचीच भीती वाटते. सोमवारी गाडी दुसऱ्याला दे आणि वहिनीला घेऊन बाईंकडे जा. हवं तर मला शिव्या घालत जा, पण जा.

तुझा,
बाळू"